मुद्दाम केलेला फाऊल आणि विकत घेतलेली पेनल्टी : अमेरिकी कॉलेज खेळांतील आक्रमक डावपेचांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल स्पर्धा आता भारतातूनही पाहिल्या जातात. कोणाचा मुलगा ओहायोत शिकतो, कोणाची भाची टेक्सासमध्ये असते, आणि तिथल्या संघाचे वेड फोनवरून घरापर्यंत पोहोचते. नव्या प्रेक्षकाला खेळाचे नियम हळूहळू उमगतात. मात्र ते नियम जाणूनबुजून मोडून फायदा कसा होतो, हे चटकन उमगत नाही. पुढील प्रश्नोत्तरे त्या एकाच मुद्द्याविषयी आहेत. यातील बहुतेक नियम नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशनचे, म्हणजे एनसीएएचे आहेत. व्यावसायिक खेळांचे नियम अनेक ठिकाणी वेगळे असतात.

शिक्षा होणार हे ठाऊक असूनही खेळाडू नियम का मोडतो?

कारण खेळातील बहुतेक शिक्षांचे माप आधीच ठरलेले असते. अमुक चूक केली तर ५ यार्ड, तमुक केली तर १५ यार्ड, आणखी एखाद्या चुकीला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधी, प्रत्येकी एका गुणाची), असे दरपत्रकच नियमपुस्तकात छापलेले असते. दरपत्रक हातात आले की माणूस हिशेब करणारच. नियम पाळून जे नुकसान होणार आहे ते शिक्षेपेक्षा मोठे असेल, तर प्रशिक्षक शिक्षा पत्करायला सांगतो. येथे रागाचा किंवा आडदांडपणाचा संबंध असतोच असे नाही. पुष्कळदा हे फाऊल अत्यंत थंड डोक्याने, सरावात घोटून घेतलेले असतात. शिक्षेचे रूपांतर असे किमतीत झाले की नियम करणाऱ्यांना एक तर किंमत वाढवावी लागते, नाही तर शिक्षेचे स्वरूपच बदलावे लागते. गेल्या चाळीस वर्षांतील एनसीएएचे अनेक नियमबदल या एका सूत्राने समजून घेता येतात.

‘पेनल्टी स्वीकारणे’ या शब्दप्रयोगाचा नेमका अर्थ काय?

त्याचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्या संघाविरुद्ध चूक झाली, त्याला पेनल्टी स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार असतो. समजा, तिसऱ्या डाऊनवर (डाऊन म्हणजे १० यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक) आक्रमक संघाने प्रतिस्पर्ध्याला बेकायदा धरून ठेवले, पण त्याच खेळीत त्यांचा पासही वाया गेला. बचाव करणाऱ्या संघाने पेनल्टी स्वीकारली तर प्रतिस्पर्धी १० यार्ड मागे जातो, परंतु त्याला तिसरा डाऊन पुन्हा खेळायला मिळतो. नाकारली तर चौथा डाऊन येतो आणि बहुधा चेंडू किक मारून सोडून द्यावा लागतो. अशा वेळी शहाणा प्रशिक्षक पेनल्टी नाकारतो. नियमाच्या भाषेत पेनल्टी ‘स्वीकारणे’ म्हणजे हे.

दुसरा अर्थ बोलीतला आहे. तो म्हणजे आपल्या चुकीची शिक्षा समजून-उमजून पदरात घेणे. या पानावर मुख्यतः त्याविषयीच लिहिले आहे.

आक्रमक खेळ आणि घाणेरडा खेळ एकच का?

नाही. आक्रमक शैलीत फाऊल हा उप-उत्पन्नासारखा असतो. संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाऊन दबाव आणायचा, त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, चेंडू हिसकावायचा, आणि हे करताना काही शिट्ट्या आपल्याविरुद्ध वाजणार हे गृहीत धरायचे, अशी ही रीत आहे. आर्कान्सा विद्यापीठाचे प्रशिक्षक नोलन रिचर्डसन यांच्या अशा खेळाला ‘फॉर्टी मिनिट्स ऑफ हेल’, म्हणजे चाळीस मिनिटांचा नरक, असे नाव पडले होते, आणि १९९४ मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचा संघ शाका स्मार्ट यांच्या हाताखाली अशाच दबावाच्या बळावर २०११ मध्ये अगदी प्राथमिक फेरीपासून अंतिम चार संघांपर्यंत पोहोचला.

घाणेरडा खेळ म्हणजे इजा करण्याच्या हेतूने केलेला खेळ. त्याला डावपेच म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे, म्हणून त्याचे येथे एवढेच. या दोहोंच्या मध्ये तिसरा प्रकार बसतो, तो म्हणजे कोणालाही इजा न करता, केवळ घड्याळ थांबवण्यासाठी किंवा मोठे नुकसान टाळण्यासाठी केलेला हिशेबी फाऊल. वाद होतो तो या तिसऱ्या प्रकारावर.

बास्केटबॉलच्या शेवटच्या दोन मिनिटांत मागे पडलेला संघ सारखा फाऊल का करतो?

फाऊल झाला की घड्याळ थांबते. मागे पडलेल्या संघाला सर्वांत जास्त गरज वेळेची असते, आणि फाऊल हे वेळ विकत घेण्याचे नाणे असते. प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो मिळतात, परंतु त्यानंतर चेंडू आपल्याकडे येतो. नाही तर आघाडीवरचा संघ चेंडू खेळवत बसेल आणि सामना तसाच संपून जाईल.

हिशेब थोडा जवळून पाहू. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये २० मिनिटांचे दोन अर्ध असतात. एका अर्धात संघाचे ७ फाऊल झाले की प्रतिस्पर्ध्याला ‘वन-अँड-वन’ मिळते : पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा मारायला मिळतो. १० फाऊल झाल्यावर मात्र सरळ दोन फ्री थ्रो मिळतात. फ्री थ्रो मारण्यात ७० टक्के यश असणारा खेळाडू वन-अँड-वनमध्ये सरासरी १.१९ गुण मिळवील, आणि दोन फ्री थ्रोंमध्ये १.४०. तोच खेळाडू ५५ टक्क्यांचा असेल तर वन-अँड-वनमधून सरासरी ०.८५ गुणच हाती लागतील. कॉलेज संघाला चेंडूच्या एका ताब्यातून सर्वसाधारणपणे एका गुणाच्या आसपास मिळकत होते. म्हणजे कच्च्या नेमबाजाला फाऊल करणे हे त्याला नियमाप्रमाणे खेळू देण्यापेक्षाही स्वस्त पडू शकते, शिवाय वेळ वाचतो तो वेगळाच. कोणाला फाऊल करायचा याची यादी प्रशिक्षकाच्या खिशात असते ती यामुळे.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ४ एप्रिल १९८३ रोजी अल्बुकर्क येथे झालेल्या राष्ट्रीय अंतिम सामन्याचे आहे. ह्यूस्टन विद्यापीठाचा संघ उंचपुऱ्या, उड्या मारून बास्केटमध्ये चेंडू कोंबणाऱ्या खेळाडूंचा होता आणि विजय त्याचाच मानला जात होता. नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे प्रशिक्षक जिम व्हाल्व्हानो यांनी हंगामभर एक गोष्ट धरून ठेवली होती : सामना शेवटपर्यंत जवळ ठेवायचा आणि मग प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रोच्या रेषेवर उभे करायचे. त्या काळी राष्ट्रीय स्पर्धेत शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू बास्केटकडे फेकण्याची सक्ती करणारे घड्याळ, नव्हते. ह्यूस्टनने ५२-४६ अशी आघाडी घेतल्यावर खेळ संथ केला, आणि तेच व्हाल्व्हानो यांच्या पथ्यावर पडले. त्यांचे खेळाडू फाऊल करत गेले, ह्यूस्टनचे फ्री थ्रो हुकत गेले, आणि गुणसंख्या ५२-५२ झाली. साधारण एक मिनिट उरलेले असताना त्यांनी ॲल्विन फ्रँकलिन या पहिल्या वर्षाच्या खेळाडूला फाऊल केला. बरोबरीच्या गुणसंख्येवर स्वतःहून फ्री थ्रो बहाल करणे वेडेपणाचे वाटावे. परंतु तो वन-अँड-वन होता. फ्रँकलिनचा पहिलाच फ्री थ्रो हुकला, त्यामुळे दुसरा मिळालाच नाही, आणि चेंडू नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडे आला. अखेरच्या क्षणी डेरेक व्हिटनबर्गचा लांबून मारलेला चेंडू बास्केटला न लागता खाली येत असताना लॉरेन्झो चार्ल्सने तो हवेतच धरून बास्केटमध्ये घातला आणि सामना ५४-५२ असा संपला. दरवर्षी दाखवली जाते ती चार्ल्सची उडी. पण तो क्षण आणून दिला फ्रँकलिनला केलेल्या फाऊलने.

शॉट क्लॉक आल्यावर हा डाव बंद झाला नाही का?

कमी झाला, बंद झाला नाही. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९८५-८६ च्या हंगामापासून ४५ सेकंदांचे, १९९३-९४ पासून ३५ सेकंदांचे आणि २०१५-१६ पासून ३० सेकंदांचे शॉट क्लॉक आहे. सामन्यात ५० सेकंद उरले असतील तर मागे असलेला संघ फाऊल न करता चांगला बचाव करून चेंडू परत मिळवू शकतो. २५ सेकंदच उरले असतील, तर आघाडीवरच्या संघाला चेंडू फेकण्याची सक्तीच उरत नाही, आणि फाऊलवाचून मार्ग राहत नाही.

मग आघाडीवर असलेला संघसुद्धा कधी कधी फाऊल का करतो?

तीन गुणांची आघाडी आणि काही सेकंद शिल्लक, अशी स्थिती असेल तर प्रतिस्पर्ध्याचा एकमेव आधार म्हणजे तीन गुणांचा लांबचा फटका. तो मारण्याआधीच त्याला फाऊल केला तर जास्तीत जास्त दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे दोनच गुण. बरोबरी साधायची तर दुसरा फ्री थ्रो मुद्दाम हुकवून परत आलेला चेंडू झेलावा लागतो, आणि ते सोपे नसते.

हे न साधल्याची किंमत मेम्फिस विद्यापीठाने ७ एप्रिल २००८ रोजी सॅन अँटोनिओ येथील अंतिम सामन्यात मोजली. २ मिनिटे १२ सेकंद बाकी असताना मेम्फिस ६०-५१ असा पुढे होता. कॅन्ससने नेहमीच्या पद्धतीने फाऊल करून घड्याळ थांबवायला सुरुवात केली आणि मेम्फिसच्या खेळाडूंनी शेवटच्या सव्वा मिनिटात पाच फ्री थ्रोंपैकी चार दवडले. तरीही १०.८ सेकंद उरले असताना आघाडी ६३-६० अशी तीन गुणांची होती. त्या वेळी फाऊल करायचा हेच मेम्फिसचे ठरले होते. चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूला धक्का देण्याचा प्रयत्नही झाला, पण शिट्टी वाजली नाही. चेंडू मारिओ चाल्मर्सकडे गेला आणि २.१ सेकंद उरले असताना त्याचा तीन गुणांचा फटका बास्केटमध्ये पडला. कॅन्ससने जादा वेळेत ७५-६८ असा विजय मिळवला. एकाच सामन्यात एका संघाला फाऊलने तारले आणि दुसऱ्याला न झालेल्या फाऊलने बुडवले, असे उदाहरण विरळाच.

अंतिम सामना सोमवारी रात्री होत असल्याने भारतात तो मंगळवारी सकाळी दिसतो. कार्यालयात उशिरा पोहोचण्याचे हे कारण वरिष्ठांना पटवून देणे फ्री थ्रोपेक्षा कठीण असते.

फाऊल मुद्दाम केला आहे हे सर्वांना दिसत असते. पंच त्याला कडक शिक्षा का देत नाहीत?

नियम हेतू पाहत नाही, कृती पाहतो. खेळाडूने चेंडूवर हात घालण्याचा प्रयत्न केला असेल, तर हेतू काहीही असला तरी तो साधा फाऊल ठरतो. चेंडूकडे न बघता कमरेला मिठी मारली, पाठीमागून जर्सी ओढली, तर त्याला ‘फ्लॅग्रंट वन’ ठरवून दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूचा ताबाही प्रतिस्पर्ध्याला देता येतो. ताबा गेला की सगळा हिशेब कोसळतो. म्हणून संघ सरावात ‘फाऊल कसा करावा’ हे शिकतात : हात चेंडूकडे, अंग खेळाडूकडे. हे थोडेसे नाटकच आहे, आणि पंच, खेळाडू, प्रेक्षक असे तिघेही त्यात सामील असतात.

महिलांच्या सामन्यांत हेच नियम आहेत का?

नाहीत. २०१५-१६ च्या हंगामापासून महिलांचे सामने १० मिनिटांच्या चार सत्रांत होतात आणि सत्रातील पाचव्या फाऊलपासून सरळ दोन फ्री थ्रो मिळतात, वन-अँड-वन नाही. फाऊलची मोजणी प्रत्येक सत्रात नव्याने सुरू होते. त्यामुळे शेवटच्या सत्रात ज्या संघाचे दोनच फाऊल झालेले असतात, त्याला आणखी दोन फाऊल फ्री थ्रो न देता करता येतात आणि प्रतिस्पर्ध्याची रचलेली खेळी दोनदा मोडून काढता येते. शिल्लक फाऊल हे शिल्लक टाइमआऊटइतकेच जपून वापरायचे असतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावपटू प्रतिस्पर्ध्याला उघड उघड का पकडतो?

दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून. समजा, आक्रमक संघाने स्वतःच्या ३० यार्डांच्या रेषेवरून खेळी सुरू केली आहे. त्यांचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, बचावपटूला चकवून ४५ यार्ड पुढे मोकळा धावतो आहे आणि चेंडू हवेत आहे. बचावपटू दोन पावले मागे पडला आहे. चेंडू झेलला गेला तर पुढे अडवणारा कोणी नाही. टचडाऊन आणि ६ गुण जवळजवळ ठरलेले. त्याने मागून दंड धरला तर ‘पास इंटरफिअरन्स’ लागेल. कॉलेज नियमांत या चुकीची शिक्षा जास्तीत जास्त १५ यार्ड आणि नवा पहिला डाऊन इतकीच आहे. चेंडू ४५ यार्डांच्या ऐवजी १५ यार्डच पुढे सरकतो आणि बचाव करणाऱ्या संघाला नव्याने उभे राहता येते. कोणताही प्रशिक्षक अशा खेळाडूला बाकावर बसवत नाही. उलट न धरल्याबद्दल बोलणी खावी लागतात.

व्यावसायिक एनएफएलमध्ये हाच फाऊल जिथे घडला तिथे चेंडू ठेवला जातो, म्हणजे वरच्या उदाहरणात पूर्ण ४५ यार्ड मिळतात. त्यामुळे तिथे धरण्याचा मोह कमी होतो. उलट बाजूने पाहिले तर तिथे एका वादग्रस्त शिट्टीने सामना फिरू शकतो, हा आक्षेपही खराच आहे. दोन्ही नियमांची तुलना करताना मला कॉलेजचा नियम सौम्य वाटतो, आणि त्या सौम्यपणाचा फायदा प्रामाणिक बचावपटूपेक्षा चकलेल्या बचावपटूला अधिक मिळतो असेही वाटते.

पंट मारण्याआधी संघ स्वतःहून पाच यार्ड मागे का जातो?

प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेजवळून पंट मारताना, म्हणजे चेंडू किक मारून प्रतिस्पर्ध्याला सोडून देताना, तो रेषेपलीकडे जाऊन वाया जाण्याची भीती असते. खेळी सुरू करण्याचा वेळ मुद्दाम संपू दिला की ५ यार्डांची पेनल्टी लागते आणि किक मारणाऱ्याला जागा मिळते. प्रतिस्पर्धी हे ओळखून पेनल्टी नाकारू शकतो. मग सगळा देखावा फुकट जातो.

२०२४ मधील ओरेगॉन विरुद्ध ओहायो स्टेट सामन्यात बारा खेळाडूंचा काय प्रकार झाला?

शिक्षा स्वस्त राहिली की काय होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी युजीन येथील ऑट्झन स्टेडियममध्ये देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेला ओहायो स्टेट आणि तिसऱ्या क्रमांकावरचा ओरेगॉन यांच्यात सामना होता. ओरेगॉन ३२-३१ असा एका गुणाने पुढे होता, १० सेकंद उरले होते आणि चेंडू ओहायो स्टेटकडे होता. त्यांना फील्ड गोलच्या (खांबांमधून किक मारून मिळणाऱ्या तीन गुणांच्या) टप्प्यात येण्यासाठी आणखी काही यार्ड हवे होते.

टाइमआऊटनंतर ओरेगॉनचा बचाव मैदानात उतरला तेव्हा त्यात अकरा नव्हे, बारा खेळाडू होते. जादा खेळाडूमुळे पास पकडण्याच्या सर्व वाटा अडवल्या गेल्या आणि ओहायो स्टेटचा पास वाया गेला. पंचांनी बारा खेळाडूंबद्दल ५ यार्डांची पेनल्टी दिली. मात्र त्या खेळीत गेलेले ४ सेकंद परत मिळाले नाहीत, कारण नियमात तशी तरतूदच नव्हती. आता ६ सेकंद उरले. पुढच्या खेळीत ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, विल हॉवर्ड चेंडू घेऊन स्वतः धावला, खाली घसरला, आणि तोवर वेळ संपली.

पाच यार्ड देऊन चार सेकंद, असा हा सौदा होता. दहा सेकंद शिल्लक असताना चार सेकंद म्हणजे चाळीस टक्के आयुष्य. ओरेगॉनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी नंतर पत्रकारांशी बोलताना सूचित केले की अशा प्रसंगाची तयारी संघाने करून ठेवली होती. नियमाच्या चौकटीत राहूनच नियम मोडण्याचा हा प्रकार पाहून अनेकांनी टाळ्या वाजवल्या आणि तितक्याच जणांनी नाके मुरडली.

एनसीएएने मात्र चारच दिवसांत, १६ ऑक्टोबर रोजी, नियमाचा नवा अन्वयार्थ जाहीर केला. अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांत बचाव करणाऱ्या संघाचे बारा किंवा अधिक खेळाडू खेळीत सामील झाले, तर ५ यार्डांच्या पेनल्टीबरोबरच घड्याळ खेळी सुरू होण्याच्या वेळेवर परत नेण्याचा पर्याय समोरच्या संघाला मिळेल, असे ठरले. हंगाम चालू असताना नियमात असा हस्तक्षेप सहसा होत नाही. पुढे १ जानेवारी २०२५ रोजी रोझ बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात (असे सामने ‘बोल’ म्हणून ओळखले जातात) हेच दोन संघ पुन्हा भेटले, ओहायो स्टेटने ४१-२१ असा विजय मिळवला आणि राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले. एका यार्डाचाही वाद झाला नाही.

असा नियमबदल पूर्वी झाला होता का?

झाला होता, आणि तोही जास्तीच्या खेळाडूंमुळेच. ३० डिसेंबर २०१० रोजी म्युझिक सिटी बोलमध्ये नॉर्थ कॅरोलायना टेनेसीविरुद्ध तीन गुणांनी मागे होता. शेवटच्या सेकंदांत त्यांच्या बाजूने इतका गोंधळ उडाला की काही खेळाडू मैदानात येत होते, काही बाहेर पळत होते, आणि त्या धावपळीतच क्वार्टरबॅकने चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवले. पंचांनी जास्त खेळाडूंबद्दल ५ यार्ड मागे नेले, पण एक सेकंद शिल्लक राहिला. त्या एका सेकंदात फील्ड गोल मारून नॉर्थ कॅरोलायनाने बरोबरी साधली आणि पुढे जादा वेळेत ३०-२७ असा सामना जिंकला. येथे डाव नव्हता, निव्वळ गोंधळ होता. तरीही चुकीने संघाचा फायदा झाला होता. २०११ पासून एनसीएएने शेवटच्या मिनिटात घड्याळ थांबवणाऱ्या चुकांसाठी १० सेकंद वजा करण्याची तरतूद केली. दोन्ही वेळा गुन्हा वेळेचा होता आणि शिक्षा यार्डांची. दोन्ही वेळा शिक्षेचे चलन बदलावे लागले.

‘पंच सगळेच फाऊल देऊ शकत नाहीत’ असे म्हणतात, ते खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. प्रत्येक ताब्यात थोडेथोडे ढकलले, हात लावला, तर दर वेळी शिट्टी वाजवणे पंचाला जड जाते, कारण सामना पुढेच सरकत नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा २०१४-१५ चा संघ बॉब हगिन्स यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण मैदानभर दबाव टाकत खेळला. तो देशात सर्वाधिक फाऊल करणाऱ्या संघांमध्ये होता आणि तरीही राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत पोहोचला. तिथे केंटकीने त्यांना ७८-३९ असे धुऊन काढले. चेंडू शांतपणे हाताळणारे उंच खेळाडू समोर असले की हा डाव अंगाशी येतो. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये २०१३-१४ च्या हंगामापासून चेंडू असलेल्या खेळाडूला हाताने अडवण्याविरुद्ध पंचांना कडक सूचना देण्यात आल्या, त्यामागे ही ‘किती शिट्ट्या वाजवाल’ची वृत्तीच होती. शिवाय प्रत्येक खेळाडूला पाचव्या फाऊलनंतर बाहेर जावे लागते, त्यामुळे असा खेळ करायला बाकावर भरपूर दमाचे खेळाडू लागतात.

कोणती शिक्षा ‘विकत’ घेता येत नाही?

खेळाडूच बाहेर काढणारी. फुटबॉलमध्ये हेल्मेटच्या माथ्याने धडक देणे, किंवा स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नसलेल्या खेळाडूच्या डोक्यावर वा मानेवर जोरात आघात करणे, याला ‘टार्गेटिंग’ म्हणतात. २००८ मध्ये हा नियम आला तेव्हा शिक्षा १५ यार्डांची होती. पंधरा यार्डांत प्रतिस्पर्ध्याचा रिसीव्हर पुढच्या वेळी मधल्या भागात यायला घाबरणार असेल, तर काही प्रशिक्षकांना तो सौदा परवडत होता. २०१३ पासून १५ यार्डांबरोबर खेळाडूची हकालपट्टीही होऊ लागली. दुसऱ्या अर्धात चूक केली तर पुढच्या सामन्याच्या पहिल्या अर्धालाही मुकावे लागू लागले. व्हिडिओ पाहून निर्णय तपासला जातो. निर्णयांविषयी दर आठवड्याला भांडणे होतात हे मान्य. परंतु हे खेळाडू अठरा ते बावीस-तेवीस वर्षांचे असतात, आणि डोक्याला झालेल्या इजेला यार्डांत मोजण्याची पद्धत मुळातच चुकीची होती.

बेशिस्त हासुद्धा डावपेच असू शकतो का?

मायामी विद्यापीठाने १ जानेवारी १९९१ रोजी कॉटन बोलमध्ये टेक्सासला ४६-३ असे हरवले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध २०० यार्डांहून अधिक पेनल्टी लागल्या होत्या. त्यांतील बऱ्याचशा डिवचणे, खिजवणे, विजयाचे नाच यांसाठी होत्या. प्रतिस्पर्ध्याचे मन मोडण्यासाठी दिलेली ही किंमत, असे त्यांचे समर्थक म्हणत. इतक्या फरकाने जिंकणाऱ्या संघाला दोनशे यार्डांचा भुर्दंड जाणवतही नाही, ही खरी अडचण होती. त्यानंतर एनसीएएने जल्लोषाविरुद्धचे नियम कडक केले.

मुद्दाम फाऊल करणे ही फसवणूक नव्हे का?

फसवणुकीत लपवाछपवी असते. बास्केटबॉलच्या शेवटच्या मिनिटातील फाऊल सर्वांसमक्ष होतो, शिक्षा जागेवरच भोगली जाते आणि समोरच्या संघालाही तो डाव उपलब्ध असतो. त्यामुळे त्याला फसवणूक म्हणणे मला पटत नाही. बारा खेळाडूंचा प्रकार मात्र सीमेवरचा आहे, कारण तिथे समोरच्याला उत्तर देण्याची संधीच उरली नाही. खोटी दुखापत तर सरळ फसवणूकच आहे. वेगाने खेळणाऱ्या संघाची लय तोडण्यासाठी बचावपटू अचानक पाय धरून खाली बसतो आणि एका खेळीनंतर ताजातवाना परत येतो, हे दृश्य नेहमीचे झाले होते. २०२५ पासून चेंडू पुढच्या खेळीसाठी ठेवल्यानंतर असा ‘जखमी’ झालेला खेळाडू संघाच्या एका टाइमआऊटचा बळी घेतो. टाइमआऊट उरले नसतील तर ५ यार्ड जातात.

आपल्याकडच्या खेळांत असे काही आहे का?

कबड्डीत आहे. एका संघाचे एक-दोनच गडी उरले असतील तर चढाईमागून चढाई ते वाचवत बसण्याऐवजी लवकर लोण स्वीकारणे कधी कधी फायद्याचे ठरते. प्रतिस्पर्ध्याला दोन जादा गुण मिळतात, पण सातही गडी परत मैदानात येतात. सामन्याला पुष्कळ वेळ असेल तर हा सौदा वाईट नसतो. येथे नियम मोडला जात नाही, हा फरक आहेच. तरी नुकसान स्वतःहून पदरात घेण्यामागचा विचार तोच आहे.

शेवटच्या मिनिटांतील फाऊलांची रांग कायमची बंद करता येईल का?

निक एलम या अमेरिकी प्राध्यापकाने एक तोडगा सुचवला आहे. सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात घड्याळ बंद करायचे, आघाडीवरच्या संघाच्या गुणांत ठरावीक गुण मिळवून लक्ष्य जाहीर करायचे, आणि ते आधी गाठील तो विजयी. घड्याळच नाही म्हटल्यावर ते थांबवण्यासाठी फाऊल करण्याचे कारण उरत नाही. सुंठीवाचून खोकला जातो. ‘द बास्केटबॉल टूर्नामेंट’ या स्पर्धेत २०१७ पासून तो वापरला गेला, आणि २०२० च्या एनबीए ऑल-स्टार सामन्यातही. कॉलेज स्पर्धांनी तो स्वीकारलेला नाही. घड्याळाविरुद्धची झुंज हीच तिथल्या सामन्यांची मोठी गंमत मानली जाते, आणि १९८३ चा सामना पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही.

नव्या प्रेक्षकाने शेवटच्या दोन मिनिटांत काय पाहावे?

गुणफलकावर गुणांच्या खाली संघाचे फाऊल लिहिलेले असतात, ते आधी पाहावेत : ६ आहेत, ९ आहेत की १० ओलांडले आहेत. मग दोन्ही घड्याळांतील फरक पाहावा. त्यानंतर चेंडूवरची नजर काढून मागे पडलेल्या संघाच्या प्रशिक्षकाकडे न्यावी. तो बाजूच्या रेषेवर उभा राहून प्रतिस्पर्ध्याच्या एका विशिष्ट खेळाडूकडे बोट दाखवत असतो. चेंडू त्या खेळाडूच्या हातात पडला की पुढच्या दोन सेकंदांत शिट्टी वाजते.